खंदक बुजवणाऱ्या बाई

तुमच्या घरातली रिकामी खोली तुम्ही शेवटची कुणाला नाकारली, आणि नाकारताना कारण काय सांगितलं?

घाईनं उत्तर देऊ नका. सरळ 'नाही' कुणीच म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. "अहो, कालच दिली" म्हणतात. "गावाहून दीर यायचेत" म्हणतात. "आमचं काही नाही हो, पण शेजारी..." म्हणतात. बाईंबरोबर दारोदार हिंडताना ही सगळी कारणं मी ऐकली आहेत. मराठीत, बंगालीत, हिंदीत. शेजारी हा या शहरातला सर्वांत निर्दय माणूस असावा. प्रत्येक जण त्याच्यामुळे नाइलाजानं वाईट वागतो, आणि तो स्वतः मात्र कधी भेटत नाही.

गेल्या थंडीत बाई गेल्या. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. इथं कुणाचंच नाव येणार नाही, एका मुलीचं सोडून. त्याचं कारण पुढे येईल.

बाई कोलकात्याच्या बागबाजारात जन्मल्या, तिथल्याच एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. तांताची, म्हणजे बंगाली हातमागाची सुती साडी, तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याच्या झोळीत चिपळ्या, असा त्यांचा अवतार. बसमध्ये गर्दीनं वाट अडली की त्या बोलायच्या नाहीत, चिपळ्या वाजवायच्या. लोक दचकून बाजूला व्हायचे. बंगाली शेजारी त्यांना 'माशीमा' म्हणजे मावशी म्हणत. बाई आम्हाला सांगायच्या, "बरोबरच आहे. कानाशी गुणगुणत बसते, हाकललं तरी परत येते."

चिपळ्या शोभेच्या नव्हत्या. बाई कीर्तनकार होत्या. वडिलांकडून नारदीय कीर्तन शिकल्या आणि पुढे आयुष्यभर मराठी मंडळींच्या उत्सवांत उभ्या राहिल्या. ज्यांनी कीर्तन ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आधी पूर्वरंग, म्हणजे विचाराची बैठक. मग मध्यंतर. त्यात सगळ्यांच्या कपाळाला काळा, सुगंधी बुक्का लावतात. मग उत्तररंग, म्हणजे गोष्ट. कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी. तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाला लहानथोर सगळे वाकून नमस्कार करतात. बाई म्हणायच्या, "गादीवर असले की माझ्या पाया पडतात. खाली उतरले की माझा फोन उचलत नाहीत."

मी बाईंना भेटले तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकं होती. आई बँकेत, युनियनची. बदली झाली तेव्हा नागपूरहून इथं, शहराच्या बेहाला भागात भांड्यांबरोबर पत्रकांचे गठ्ठेही आले. कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं, डाळीच्या डब्यांखाली पत्रकं. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. जोडाक्षरांसाठी मी गिरवलेले पहिले शब्द 'धिक्कार असो' हे होते.

आमच्या भागातल्या बदलीवाल्या मराठी कुटुंबांनी मिळून एक लहानसं मंडळ उभं केलं आहे. शहरातल्या जुन्या संस्थेशी त्याचा संबंध नाही. खाली हॉल, वर पाहुण्यांसाठी एक खोली. गणेशोत्सवात त्या हॉलच्या दाराशी मी स्वतः लिहिलेलं पत्रक वाटत होते. ईशान्येकडून आलेल्या मुलींना घरं कशी नाकारतात, रस्त्यात त्यांना काय काय हाका मारतात, यावर. लोक घडी करून खिशात घालत होते. बाई मात्र चष्मा काढून, कागद डोळ्यांशी धरून शेवटपर्यंत वाचत तिथंच उभ्या राहिल्या.

"यात माणूस कुठंय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"सगळीकडे 'ते' आहेत. ते नाकारतात, ते हिणवतात. हे 'ते' राहतात कुठं? पत्ता असेलच ना एखादा? चल, जाऊ."

"कुठं?"

"त्यांच्याकडे. पाणी प्यायला."

मला वाटलं, म्हातारी चळली आहे. पण पत्ता होता माझ्याकडे. बेहालातच, खाली लोखंडी ग्रीलचा कारखाना आणि वर दोन खोल्या. मिझोरमच्या दोन नर्सना त्या घराच्या मालकानं आदल्याच आठवड्यात परत पाठवलं होतं.

आम्ही गेलो. बाईंनी पाणी मागितलं. खिडकीच्या ग्रीलवरचं गुलाब बोटानं चाचपून पाहिलं, "हात चांगला आहे हो तुमचा" म्हणाल्या, मालकाच्या गुडघ्याची चौकशी केली आणि उठल्या. मी रस्त्यावर येईपर्यंत दम धरला.

"तुम्ही विषयच काढला नाहीत!"

"अगं, पूर्वरंगात कुणी आख्यान लावतं का?"

असा त्यांचा पूर्वरंग महिनामहिना चालायचा. दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो. दार उघडून ग्रीलवाले वैतागून म्हणायचे, "माशीमा, आबार?" म्हणजे, परत आलात? आणि पाणी आणायला वळायचे. एका खेपेला बाईंनी त्या दोघी नर्सना बरोबर घेतलं. पाणी आलं. बाईंना आणि मला स्टीलचे ग्लास, त्या दोघींना कागदाचे कप. माझ्या तोंडात आमच्या घरची पहिली जोडाक्षरं तयार होती. बाईंनी माझ्या पायावर त्यांचा कॅनव्हासचा बूट ठेवला आणि मालकाला म्हणाल्या, "दादा, हा ग्लास यांना द्या, मला कागदाचा चालेल. म्हातारीच्या हातून स्टील पडतं." तो माणूस कानापर्यंत लाल झाला. आत गेला आणि सगळ्यांसाठी स्टीलचे ग्लास घेऊन आला.

त्या दिवशी बाईंनी उत्तररंग लावला.

"दादा, आमच्यासाठी तुम्ही खंदक खणला होता, ठाऊक आहे ना? बर्गी येतील, नागपूरकर भोसल्यांचे मराठे स्वार येतील म्हणून. अजून इथल्या आया आमचं नाव काढून पोरं निजवतात. माझे आजोबा इथं आले तेव्हा त्यांना दारोदारी हेच ऐकावं लागलं. बर्गी! बर्गीला खोली कोण देणार? शेवटी एका बंगाली विधवेनं दिली, बागबाजारात. जिथून खंदक सुरू झाला होता, नेमकं तिथंच. आता सांगा, तो खंदक कुठं गेला? बुजला. वरून रस्ता झाला. त्याच रस्त्यानं मी तुमच्याकडे पाणी प्यायला येते."

मालकांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "या मुली खोलीत मांस शिजवतील हो."

"आणि तुम्ही काय, दूर्वा खाता?"

ते हसले. हसू आवरताना त्यांना खोकला आला. खोली मिळाली. त्या दोघी अजून तिथंच राहतात.

ही गोष्ट बाई प्रत्येक घरात सांगत आणि प्रत्येक घरात आजोबा वेगळे असत. घड्याळवाल्याच्या घरी ते घड्याळं दुरुस्त करत, रेल्वेतल्या माणसाकडे ते रेल्वेत असत. एकदा मी वैतागून विचारलं, "खरं काय आहे?"

"खोली मिळत नव्हती आणि मिळाली, हे खरं. बाकी आख्यान."

त्यांचं माझं भांडण कायमचं होतं. मला वाटे, हक्क मागायचा असतो, पाणी नव्हे. त्या म्हणत, "हक्क कोर्टात माग. जरूर माग, मीही येईन साक्षीला. पण कोर्ट कुलूप उघडून देईल, पोरीला जिन्यात भेटल्यावर 'जेवलीस का' कोण विचारणार?" एका घरमालकानं देवीच्या भल्यामोठ्या तसबिरीखाली बसून एका आफ्रिकन मुलीला खोली नाकारली, तेव्हा मी बाहेर येऊन म्हटलं, "कालीच्या पायावर डोकं ठेवायचं आणि काळ्या पोरीच्या तोंडावर दार लावायचं! हेच त्याच्या तोंडावर बोलायला हवं होतं मी."

बाई थांबल्या. "वाक्य चांगलं आहे. म्हणूनच बोलू नकोस. चांगल्या वाक्यानं माणूस हरतो, बदलत नाही. आणि हरलेला माणूस फार दिवस दार उघडत नाही."

ज्या दिवशी नकार मिळे त्या दिवशी बाई जेवत नसत. हे मला फार उशिरा कळलं. घरमालकाला तर कधीच कळत नसे. मी म्हटलं, "त्याला कळणारच नसेल तर उपासाचा उपयोग काय?"

"त्याच्यासाठी नाही करत. मला राग येतो गं. रिकाम्या पोटी राग लवकर दमतो. मग रामासमोर बसता येतं."

रामावर त्यांचा विश्वास होता, नुसता रिवाज नव्हता. सगळी माणसं त्यानं केली आणि करताना त्याचा हात कुठं थरथरला नाही, असं त्या म्हणत. माझा देवावर विश्वास नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी माझ्या हातात झांजा दिल्या होत्या. "देवावर विश्वास ठेव असं म्हणाले का मी? तालात वाजव म्हणजे झालं." तेव्हापासून त्यांच्या कीर्तनात झांजा मी धरायची.

आता एस्थरबद्दल. हे एकच नाव मी लिहिते आहे, तिला विचारून.

एस्थर युगांडाहून नर्सिंग शिकायला आली. न्यू टाउनमध्ये तिला खोली मिळाली होती. मग सोसायटीतल्या लोकांनी तक्रार केली की लिफ्टमध्ये मुलं घाबरतात. मुलं घाबरत नव्हती. तळमजल्यावरची एक पोरगी तिच्याकडून केसांच्या वेण्या घालून घ्यायची. पण खोली गेली. त्या मिझो नर्सनी तिला बाईंकडे आणलं.

बाई मंडळाकडे गेल्या. वरची पाहुण्यांची खोली वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद असते. अध्यक्ष निवृत्त अधिकारी, अत्यंत सभ्य माणूस.

"बाई, तुमचा शब्द मोडवत नाही. पण नियम आहे. खोली सभासदांच्या पाहुण्यांसाठी."

"ती माझी पाहुणी आहे."

"पाहुणा म्हणजे आपलं माणूस हो."

"तेच म्हणतेय मी."

मग पूर्वरंग सुरू झाला. अध्यक्षांकडे, चिटणीसांकडे, खजिनदारांकडे पाणी. कुणी नाही म्हणेना, कुणी हो म्हणेना. एस्थर तोवर एकेका मैत्रिणीकडे जमिनीवर झोपत होती, आणि तिचा अभ्यास मागे पडत चालला होता. बाईंचा धीर पहिल्यांदाच सुटला असावा. कारण त्यांनी जे ठरवलं ते त्यांच्या रीतीला सोडून होतं.

गणेशोत्सवातलं कीर्तन. हॉल भरलेला. पूर्वरंग संपला, मध्यंतराचं भजन सुरू झालं. बुक्का लावायचा मान दरवर्षी एखाद्या ज्येष्ठाचा. त्या वर्षी बाईंनी गादीवरूनच हाक मारली, "एस्थर, ये."

ती मागच्या रांगेतून उठली. बाईंनी तिला घरी शिकवून ठेवलं होतं, किती घ्यायचा, बोट कसं टेकवायचं. माझ्या शेजारून जाताना ती पुटपुटली, "मला लावू देतील?" मी झांजा वाजवत राहिले. ती बुक्क्याची वाटी घेऊन पहिल्या रांगेत अध्यक्षांसमोर उभी राहिली. भजन चालू होतं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि मान वाकवली.

मग एकामागून एक कपाळं पुढे झाली. एका आजींनी तर तिचा हातच धरून ठेवला, "किती गार पडलाय गं हात तुझा." माझ्या हातातला ताल चुकला. बाईंनी वळून पाहिलं, पण रागावल्या नाहीत. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. ते हॉलभर काळे टिळे बघून मला वाटलं, बाई बरोबर होत्या. पत्रकं हरली आणि बाई जिंकल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आले. हात जोडल्याची चिन्हं आली. 'डोळे पाणावले' असं लोकांनी लिहिलं. बाईंनी अध्यक्षांना फोन केला आणि खोलीचं विचारलं.

"बाई," ते म्हणाले, "ते कीर्तन होतं. हे व्यवस्थापन आहे."

मी त्या संध्याकाळी पत्रक लिहिलं. सगळ्या कार्यकारिणीची नावं घातली, हुद्द्यांसकट. इतकं जळजळीत मी कधी लिहिलं नव्हतं. बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"नावं काढ."

"का? खोटं आहे का एक तरी?"

"खरं आहे. पण नाव छापलं की माणूस त्या छापलेल्या नावाला चिकटून बसतो. उद्या त्याला बदलावंसं वाटलं तर जागा नको? मला शब्द दे."

मी रडत रडत शब्द दिला. इथं नावं का नाहीत, ते आता कळलं असेल. शब्द मी पाळते आहे. पाळताना अजून संताप होतो.

मग बाईंनी चिपळ्या झोळीत ठेवल्या. म्हणाल्या, "चूक त्यांची नाही, माझी झाली. मी गादीवरून मागितलं. गादीवरून मागितलेलं लोक देवाला देतात, माणसाला देत नाहीत. वाकले ते नारदापुढे वाकले. पोरीला कुणी पाहिलंच नाही."

त्यानंतर बाई त्या गादीवर उभ्या राहिल्या नाहीत. भांडण केलं नाही, निषेध नोंदवला नाही. बोलावणं आलं की "गळा बसलाय" म्हणत. गळा ठणठणीत होता. पण जिच्यावर आयुष्य उभं होतं ती गादी त्यांनी सोडली, आणि मला वाटतं, तिथून त्या आतून खचत गेल्या. संध्याकाळी बागबाजारच्या घाटावर बसून हळू आवाजात आख्यान लावत. समोर दोन-चार बंगाली म्हातारे. एक शब्द कळत नसे, पण माना डोलावत.

एस्थरला त्यांनी आपल्याच घरी नेलं. एक खोली आणि स्वयंपाकघर, आजोबांच्या काळापासून भाड्यानं. देवांच्या फळीखाली एस्थरचा बिछाना. रविवारी ती चर्चला निघाली की बाईही पांढरे बूट घालून बरोबर जात, शेवटच्या बाकावर बसत. परत आल्यावर मला सांगत, "भजन सुरेख म्हणतात गं. फक्त टाळ नाहीत. पाद्रीबुवांशी बोलायला हवं." एस्थर त्यांना रात्रीच्या गोळ्या देई आणि बाई तिच्याकडून शरीरशास्त्राचा धडा म्हणून घेत, शाळेत भूगोल घ्यायच्या तसा. हाडांची नावं चुकली की चिपळी वाजे.

थंडीत बाईंचा दम वाढला. हॉस्पिटलात नेलं तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काहीतरी शेवटचं सांगणार.

"अध्यक्षांकडे जाऊन पाणी पिऊन ये."

"मी नाही जाणार त्या माणसाकडे."

"जा. विषय काढू नकोस. नुसतं पाणी."

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

स्मशानघाटावर मंडळाचे लोक आले होते, शेजारी आले होते, ग्रीलवालेही आले. बाईंच्या एका भाच्यानं विधी केले. निरोपाच्या वेळी बुक्का लावायला कुणी पुढे व्हायचं, अशी कुजबुज चालली होती, तोवर एस्थर पुढे झाली. किती घ्यायचा ते तिला माहीत होतं. बाईंच्या कपाळावर तिनं बोट टेकवलं आणि तशीच वाटी धरून उभी राहिली. पुढे काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा ग्रीलवाल्यांनी येऊन तिच्यापुढे मान वाकवली. तिथं ना गादी होती, ना भजन. त्यांनी तिच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं.

मंडळानं शोकसभा घेतली. बाईंच्या फोटोला हार. अध्यक्ष गहिवरून बोलले आणि मला वाटतं, ते ढोंग नव्हतं. शेवटी त्यांनी जाहीर केलं की वरच्या पाहुण्यांच्या खोलीला बाईंचं नाव द्यायचं ठरलं आहे. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना.

मागच्या खुर्चीवरून ग्रीलवाले उठले. बंगालीतच त्यांनी विचारलं, "घरटा की खाली आछे?" ती खोली रिकामी आहे का?

"आत्ता तो विषय नाही," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"माशीमांचा दुसरा विषय कुठला होता?"

चहा आला.

बाईंचं घर मालकानं परत घेतलं आहे. एस्थर आता ग्रीलवाल्यांच्या माडीवर, त्या दोघी नर्सच्या खोलीत तिसरी म्हणून राहते. तिघींना पाय पसरता येत नाहीत. तिची शेवटची परीक्षा राहिली आहे आणि तिला अभ्यासाला जागा नाही. मंडळाच्या माडीवर बाईंच्या नावाची पाटी लागली आहे. पाटीखाली कुलूप आहे.

मी अध्यक्षांकडे जाऊन पाणी पिऊन आले. विषय काढला नाही. परत जाणार आहे. मला राग येतो, आणि उपास मला जमत नाही, म्हणून हे लिहिते आहे. हा माझा पूर्वरंग समजा.

उत्तररंग तुमच्याकडे आहे. कोलकात्यात तुमच्या घरी, तुमच्या ओळखीत, तुमच्या संस्थेत एखादी खोली बंद पडली असेल तर ती परीक्षा होईपर्यंत एस्थरला द्या. तुम्ही दुसऱ्या गावात असाल तर तुमच्या गल्लीत कुणाला खोली मिळत नाही ते शोधा. बघा, सापडेल. या आठवड्यात त्या माणसाला घरी बोलवा आणि पाणी द्या, तुम्ही पिता त्याच ग्लासात.